एकशे बारा, कुठली खोली?

"भिंतींना कान असतात म्हणतात, तेवढे पुरेत की. आता फोनलाही बसवतेस होय?" उज्ज्वलावहिनींनी यंत्र उलटसुलट करून बघितलं आणि दोन बोटांनी परत टेबलावर ठेवलं.

मेघना हसली. वहिनींशी वाद घालून जिंकलेलं माणूस सांगली जिल्ह्यात अजून जन्मायचं होतं, आणि ती स्वतः तर त्या वादांतच लहानाची मोठी झाली होती. आई गेली तेव्हा मेघना शाळेत होती. नव्यानंच घरात आलेल्या वहिनींनी तिच्या वेण्या घातल्या, तिला दम दिला, आणि पोरीला पुण्याला शिकायला धाडू नका म्हणणाऱ्या अख्ख्या भावकीला एकटीनं गप्प केलं. त्याच शिक्षणातून हे यंत्र निघालं होतं. म्हणून तर ते सगळ्यांत आधी वहिनींच्याच हॉटेलात बसावं असा तिचा हट्ट होता.

हॉटेल सोनपावली म्हणजे मिरज रस्त्यावरची तीन मजल्यांची लांबलचक इमारत, पुढे अंगण, मागे आचाऱ्यांचा मांडव. लग्नसराईत तिथे पाय ठेवायला जागा नसे. मालक म्हणून पाटीवर नाव मेघनाच्या थोरल्या भावाचं, संग्रामदादाचं. कारभार सगळा वहिनींचा, आणि हे दादासकट सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या वर्षी सरकारचा नवा नियम आला होता. हॉटेल असो, कारखाना असो की कचेरी, जिथे म्हणून स्वतःची फोनव्यवस्था आहे तिथल्या कुठल्याही फोनवरून मदतीचा एकशे बारा नंबर थेट लागला पाहिजे. आधी शून्य दाबा, मग नऊ दाबा, ही भानगड नको. फोन लागताक्षणी रिसेप्शनवरही घंटा वाजली पाहिजे. या दोन अटींवर कुणाची तक्रार नव्हती. तिसरीनं मात्र भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मदत केंद्राला नुसता फाटकाचा पत्ता चालणार नाही, खोली कळली पाहिजे. अँब्युलन्स दारात उभी आणि माणूस आत कुठेतरी तडफडतोय, असं पुन्हा होता कामा नये.

पूर्वी हे सोपं होतं. फोनची वायर भिंतीत गाडलेली असे, वायर कळली की खोली कळली. आता फोन बिनतारी झाले होते आणि पाहुणे ते हातात घेऊन हिंडत. त्यातून लग्नाचं वऱ्हाड! ज्याला जी खोली दिली त्या खोलीत तो संध्याकाळपर्यंत टिकला तर शपथ. मामांचे गुडघे दुखतात म्हणून ते खाली येणार, आत्याचं नि मावशीचं पटत नाही म्हणून आत्या वर जाणार, आणि जाताना प्रत्येक जण उशी, पांघरूण, पाण्याची बाटली आणि फोन बरोबर नेणार. मोबाईलचाही इथे उपयोग नव्हता. मोबाईल आपली जागा आभाळातल्या उपग्रहांना विचारतो. सिमेंटच्या पोटात शिरल्यावर त्याला इमारत सांगता येते, मजला नाही.

मेघनाच्या 'पडसाद'नं यावर तोड काढली होती. फोनवरचं लाल बटण दाबलं की एकशे बारा लागायचा आणि फोन एक बारीक शीळ घालायचा, माणसाच्या कानाला न ऐकू येणारी. ती शीळ भिंतींवर, कपाटावर, पडद्यांवर आपटून परत यायची, आणि प्रत्येक खोलीतून ती वेगळीच होऊन यायची. घर बदललेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. रिकाम्या घरात आवाज घुमतो, सामान लावलं की तोच आवाज बसतो. मेघना हॉटेलातल्या प्रत्येक जागेचा असा ठसा आधीच घेऊन ठेवणार होती. वेळ आली की यंत्रानं नुसता जुळवायचा.

"आज शीळ घालतोय," वहिनी म्हणाल्या, "उद्या पाहुणे काय बोलतात ते साठवून ठेवील."

ती सोय यंत्रात होतीच. शेवटच्या काही मिनिटांचा आवाज फोन सतत साठवत राहणार होता, म्हणजे संकटाआधी काय घडलं ते मागे जाऊन ऐकता यावं. कंपनीतल्या भागीदारांना त्याच सोयीचा सगळ्यात जास्त अभिमान होता.

"ती काढ," वहिनींनी तिच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. "माणूस खोलीचं दार लावतं ते उगीच नाही, मेघा. हाक मारली तर ऐकायचं. हाक मारायच्या आधी नाही."

भागीदार चिडले. दादा म्हणाला, "तुझी वहिनी काय इंजिनिअर आहे का?" पण मेघनानं ती सोय काढून टाकली आणि मगच यंत्रं बसवली.

पुढच्याच लग्नसराईत, त्याच हॉटेलात, वहिनींच्या एकुलत्या एक लेकीचं लग्न निघालं. ईश्वरीला मुंडावळ्या बांधल्या गेल्या, अंगणात कडाडणारी हलगी आणि खर्जात घुमणारा तिचा जोडीदार ढोल, घुमकं, सुरू झालं, आणि कोल्हापूरहून आलेल्या वऱ्हाडानं आपल्या लौकिकाला साजेसा गोंधळ घातला. वरमाय सुनंदाबाई सकाळपासून रुसल्या होत्या. त्यांच्या दिरांना पातळ गादी मिळाली होती म्हणे. वहिनींनी तिसऱ्या मजल्यावरचं गादीघर उघडून दिलं, "लागतील तेवढ्या न्या," असं सांगितलं, आणि वऱ्हाडातल्या उत्साही मंडळींनी ते गादीघर पार धुऊन नेलं. कुठल्या गाद्या कुठे गेल्या ते देवाला ठाऊक.

अक्षतांची वेळ जवळ येत चालली तशी वहिनींची शोधाशोध सुरू झाली. "आत्ता तर इथं होती," असं प्रत्येक जण सांगत होता. लग्नघरात यजमानीण दिसेनाशी झाली म्हणून कुणी घाबरत नाही. ती दहा ठिकाणी असते. मेघना हारांची पेटी घ्यायला रिसेप्शनवर गेली होती, आणि तेवढ्यात समोरची लाल घंटा वाजली.

पडद्यावर अक्षरं उमटली. एकशे बारा. जागा: गादीघर, तिसरा मजला. त्याखाली बारीक अक्षरांत, जुळणी कच्ची.

तिनं फोन उचलला. मदत केंद्रातली मुलगी आधीपासून लाईनवर होती. "मॅडम, कॉल तुमच्याच हॉटेलातून आहे. समोरून शब्द फुटत नाहीयेत. श्वास ऐकू येतोय. तुम्हीच ऐका."

मेघनानं कान लावला. जड, ओढल्यासारखा श्वास येत होता, बांगड्या कशावर तरी घासत होत्या, आणि मधेच एक आवाज येई, "मे... मे..." आणि तुटे. आयुष्यभर ज्या आवाजानं तिला हाका मारल्या तो आवाज ती कशी चुकेल?

"माझी वहिनी आहे," ती म्हणाली.

"वाचा गेलीय म्हणजे मेंदूचा झटका असणार," मुलगी म्हणाली. तिचा आवाज शांत होता, पण भरभर बोलत होती. "गाडी मिरजेहून निघालीय. गुठळी विरघळवायचं औषध जितकं लवकर पडेल तितकं चांगलं. उशीर झाला तर वाचा परत येईलच असं नाही, जीवालाही धोका. खोली नक्की आहे ना, मॅडम?"

"तिसरा मजला, गादीघर!" मेघना ओरडली, आणि दादा नि चुलतभाऊ विश्वजित जिन्यावरून धावत सुटले. मास्टर चावी घेतलेली माणसं बाकीच्या खोल्या बघायला पांगली.

दादा परत आला तो भिंतीला धरत. "रिकामं आहे. गादीघरात चिटपाखरू नाही. एक गादीसुद्धा नाही." त्याचा चेहरा पांढरा पडला होता, आणि मग तो एकदम लाल झाला. "हे तुझं यंत्र! आणि ती आवाज साठवायची सोय कशाला काढलीस? असती तर आत्ता मागचं ऐकून कळलं असतं की ती कुठं गेली!"

"वहिनींनीच काढायला लावली, दादा."

"म्हणून काय तिला मरू देणार आहेस?"

मेघनाला ते झोंबलं. क्षणभर तिला वाटलं, दादाचं खरं आहे. वहिनींचं ऐकून आपण वहिनींच्याच जिवाशी खेळलो. पण रडायला वेळ नव्हता. ती पडद्याकडे बघत राहिली. यंत्र खोटं बोलत नाही, यंत्राला तेवढी अक्कल नसते. त्याला जे ऐकू आलं ते त्यानं सांगितलं. काय ऐकू आलं होतं? चारी बाजूंनी गाद्या. ठसे घेतले तेव्हा गादीघर गाद्यांनी भरलेलं होतं, आणि यंत्रानं तोच ठसा ओळखला होता.

"वहिनी गादीघरात नाहीत," ती म्हणाली. "जिथं आज गादीघर गेलंय तिथं आहेत!"

"अगं, गाद्या हॉटेलभर पसरल्यात!"

हेही खरं होतं. आणि गाद्यांनी शीळ पिऊन टाकली होती, त्यामुळे खोलीची ओळख पटवणारं काही परत येत नव्हतं. मेघनानं फोन पुन्हा कानाला लावला. श्वास चालू होता. आणि त्या श्वासाच्या मागे, लांबून, दबलेलं असं काहीतरी येत होतं. धुम्म. धुम्म.

अंगणातलं घुमकं!

हलगी अजिबात ऐकू येत नव्हती, घुमकं तेवढं येत होतं. असं का, ते तिला विचार न करताच कळलं. तिचा जन्म आवाजाच्या अभ्यासातच गेला होता. गादी, भिंत, बंद दार यांना तीक्ष्ण आवाज अडवता येतो, जाड आवाजापुढे त्यांचं काही चालत नाही. शेजारच्या लग्नातला डीजे आपल्या बंद घरात नुसता धमधमतो आणि गाणं कुठलं ते मात्र कळत नाही, ते याचमुळे. आणि आवाजाला पोचायला वेळ लागतो. घुमक्यावर काठी पडली तो क्षण आणि वहिनींच्या फोनला ती ऐकू आली तो क्षण, यांच्यातला फरक मोजला की अंतर निघतं. एका जागेवरून एक अंतर. तीन जागांवरून तीन अंतरं, आणि तिन्ही जिथं मिळतात तिथं माणूस.

ती धावत अंगणात गेली. "वाजवायचं थांबवा! सगळे गप्प बसा! कुणी बोलू नका!"

लग्नाच्या मांडवात कुणी कधी गप्प बसलंय? बायकांनी "काय झालं, काय झालं" सुरू केलं, पोरं भोकाड पसरू लागली, कुणीतरी तिलाच शांत व्हायला सांगितलं. इतक्यात रुसून कोपऱ्यात बसलेल्या सुनंदाबाई उठल्या. मेघनानं त्यांच्या कानात दोनच वाक्यं सांगितली. सुनंदाबाईंनी भटजींच्या हातातला माईक काढून घेतला.

"माझी विहीण आत कुठंतरी जिवाच्या आकांतात आहे," त्या गरजल्या. "आता ज्याच्या तोंडातून आवाज निघंल त्याची गाठ माझ्याशी आहे. श्वास सुदीक हळू घ्या!"

अख्खा मांडव चिडीचूप झाला. जिची भीती वाटते अशी वरमाय कधी उपयोगी पडेल असं मेघनाच्या घरात कुणाला वाटलं नव्हतं.

घुमकं यल्लाप्पाच्या गळ्यात होतं. "बाई, कसं वाजवू?"

"एकच ठोका. अंगात आहे तेवढ्या जोरानं. आधी फाटकाशी, मग आचाऱ्यांच्या मांडवात, मग गच्चीवर. घुमकं कशाला टेकवू नका हं, हातात उचलून धरा. टेकवलंत तर आवाज स्लॅबमधून पळेल आणि माझं गणित चुकवील." तिनं आपला मोबाईल पुढे केला. "आणि कुणीतरी हा घुमक्याजवळ धरून बरोबर जा. काठी कधी पडली ते याला कळलं पाहिजे."

"मी जाते," ईश्वरी म्हणाली. नवरीनं पळू नये, मांडव सोडू नये, असं कुणीही म्हणालं नाही. तिनं शालूचा सोगा खोचला आणि मोबाईल मुठीत धरला.

पहिला ठोका फाटकाशी पडला. मेघना रिसेप्शनच्या पडद्यासमोर बसली होती. वहिनींच्या फोनवर एक पुसटसा उंचवटा उमटला, आणि हॉटेलच्या नकाशावर फाटकाभोवती एक वर्तुळ उभं राहिलं. मागच्या मांडवातून दुसरा ठोका आला आणि दुसरं वर्तुळ पहिल्याला पश्चिमेच्या टोकाशी छेदून गेलं. तिथे एकावर एक अशा तीन जागा होत्या. मग जिन्यावरून धावणारी पावलं ऐकू आली, पुढे नवरी आणि मागे गळ्यात घुमकं अडकवलेला यल्लाप्पा. सगळं हॉटेल त्यांच्या पावलांकडे कान लावून उभं होतं. गच्चीवरून तिसरा ठोका कोसळला.

"दुसरा मजला," मेघना म्हणाली. "जिम!"

"जिम मी मघाशीच बघितली की!" विश्वजित म्हणाला. "दार उघडून बघितली. छातीइतक्या गाद्या रचल्यात आत. माणूस नाही."

सगळे मेघनाकडे बघू लागले. एकीकडे सख्ख्या चुलतभावानं डोळ्यांनी बघितलेलं, दुसरीकडे घुमक्याच्या तीन ठोक्यांचं गणित. चुकलं तर जिमकडे धावण्यात वेळ जाणार, आणि वेळच तर नव्हता. तिला मोह झाला, सगळ्यांना सगळीकडे पिटाळावं आणि जबाबदारी वाटून टाकावी. पण तिनं तसं केलं नाही. ती स्वतः जिन्याकडे धावली, आणि धावता धावता ओरडली, "सगळे जिममध्ये या! गाद्या उपसा!"

जिम वापरायचं कुणाच्या मनात कधी आलं नव्हतं, म्हणून वऱ्हाडानं तिथे दुपारच्या झोपेची बेगमी करून ठेवली होती. दारापासून पलीकडच्या भिंतीपर्यंत गाद्या. दादानं पहिली थप्पी ढकलली, विश्वजितनं दुसरी. नवरदेव कोट काढून पुढे झाला. सुनंदाबाईंचे ते पातळ गादीवाले दीर, ज्यांच्यापायी हे सगळं रामायण झालं, ते सुद्धा धोतर खोचून गाद्या ओढू लागले.

भिंतीलगतच्या सापटीत वहिनी पडल्या होत्या. विहिणीच्या दिरांसाठी स्वतःच्या हातानं जाड गादी निवडायला गेल्या असणार, दुसरं काय! एक हात निर्जीव लोंबत होता. दुसऱ्या हातात फोन घट्ट धरलेला होता, आणि डोळे उघडे होते. मेघनाला बघताच त्या डोळ्यांतून पाणी आलं.

"हाक ऐकली, वहिनी," मेघना म्हणाली. "ऐकली मी."

तिनं वहिनींच्या हातातल्या फोनवर फक्त एवढंच सांगितलं, "दुसरा मजला, पश्चिमेचं टोक, सापडल्या." मदत केंद्रातल्या त्या मुलीनं इतक्या वेळचा रोखलेला श्वास सोडला तो मेघनाला स्पष्ट ऐकू आला. गाडी फाटकातून आत येत होती. स्ट्रेचर घेऊन आलेल्यांना कुणाला काही विचारावं लागलं नाही. फाटकापासून जिमच्या दारापर्यंत दोन्ही बाजूंना वऱ्हाडी रांगेनं उभे होते आणि हातानं वाट दाखवत होते. एरवी पंगतीला रांग न लावणारी माणसं ती.

मिरजेच्या इस्पितळात औषध पडलं. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत." नंतर आणखी बरंच काही म्हणाले, पण घरच्यांनी तेवढंच ऐकलं.

मग वाट बघणं आलं. दादा बाकावर मेघनाशेजारी येऊन बसला. तो आपल्या फेट्याच्या शेवाशी चाळा करू लागला. "मघाशी बोललो ते..." त्यानं सुरुवात केली.

"असू दे."

"असू कसं दे? तिनं काढायला लावलं, आणि तू ऐकलंस, तेच बरोबर होतं." त्यानं डोळे पुसले. "ती तरीपण सापडली. तिचं ऐकूनसुद्धा सापडली. मला तेच सारखं आठवतंय."

इतकी वर्षं यंत्रं बनवली, पण आपलं कुणाला काही पटल्याचा एवढा आनंद तिला कधी झाला नव्हता.

दिवस कलला तेव्हा त्यांना आत सोडलं. पलंगाभोवती दादा, मेघना आणि अजून शालूतच असलेली ईश्वरी. दाराशी नवरदेव, त्याच्या मागे सुनंदाबाई, आणि बाहेर आवारात अर्धं वऱ्हाड, कुणाचं न ऐकता आलेलं. वहिनींनी डोळे उघडले. डॉक्टर वाकले.

"बाई, तुमचं नाव सांगता येईल?"

वहिनींनी ओठ हलवले. काही आलं नाही. ईश्वरीनं आईचा हात घट्ट धरला. वहिनींनी पुन्हा प्रयत्न केला. कपाळावर आठी आली, तीच ती, जी बघून हॉटेलातले आचारी जागच्या जागी थिजायचे. डॉक्टरांच्या प्रश्नाकडे त्यांनी साफ दुर्लक्ष केलं. लेकीच्या कपाळावरच्या मुंडावळ्यांकडे बघत, अडखळत, एकेक अक्षर ओढत त्या म्हणाल्या,

"अक्ष... अक्षता पडल्या का?"

खोलीत कुणी हसलं की रडलं, ते सांगणं कठीण. दादा दोन्ही करत होता. "तुझ्याशिवाय कशा पडतील?" तो म्हणाला. "सगळी थांबलीत की तुझ्यासाठी. ही बघ, विहीणबाईसुद्धा जेवल्या नाहीत."

वहिनींनी दाराकडे बघितलं. सुनंदाबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि हात जोडले. वहिनींचा एक हात अजून उठत नव्हता. त्यांनी दुसरा उचलला आणि सगळ्यांना दाराकडे बोट दाखवलं. या वेळी शब्द अडखळला नाही.

"उपाशी?" वहिनी म्हणाल्या. "आधी त्यांना वाढा!"